बाँबविद्येचा विद्यार्थी, मुळशीचा सेनापती

चिंचवडच्या चापेकर चौकातून आज दिवसरात्र कामगारांच्या बसगाड्या आणि मालमोटारी धावत असतात. ज्या घराण्याचे नाव या चौकाला मिळाले, त्या घरातील तीन सख्खे भाऊ फासावर गेले. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव आटोपून परतणाऱ्या रँडवर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली गेली. आयर्स्ट जागच्या जागी ठार झाला, रँड ३ जुलै रोजी मरण पावला. दामोदर हरी चापेकर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. पुढील वर्षी वासुदेव, महादेव रानडे आणि बाळकृष्ण त्याच वाटेने गेले. चिंचवडहून पुण्यास जाताना वाटेत लागणाऱ्या खडकीला सरकारचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून होता. पण या तरुणांपाशी तलवार आणि पिस्तूल यांपलीकडे काही नव्हते. स्फोटकांचे शास्त्र राज्यकर्त्यांच्या कुलपात होते. ते कुलूप उघडण्याचा ध्यास ज्या मराठी तरुणाने घेतला, त्याला देशकार्याची शपथ मिळाली ती चापेकरांच्याच मंडळातील एका माणसाकडून.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर येथे, बेताच्या परिस्थितीतील ब्राह्मण कुटुंबात झाला. बुद्धी तल्लख, संस्कृतवर विशेष प्रेम. मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून ते डेक्कन कॉलेजात आले. तेथे असताना १९०२ मध्ये दामोदर बळवंत भिडे यांच्या प्रेरणेने त्यांनी तलवारीवर हात ठेवून देशासाठी जगण्याची शपथ घेतली. विद्यार्थिदशेत अशा शपथा घेणारे पुष्कळ असतात. बापटांनी ती पुढे पासष्ट वर्षे पाळली.

पदवीनंतर मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर ते १९०४ मध्ये एडिंबरोस यंत्रशास्त्र शिकण्यासाठी गेले. हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्याविषयी त्यांनी तेथे केलेले परखड भाषण छापले गेले आणि शिष्यवृत्ती गेली. पोटाची आणि शिक्षणाची अशी दोन्ही दारे बंद झाल्यावर लंडनच्या इंडिया हाऊसचे दार उघडे होते. श्यामजी कृष्णवर्मा आणि विनायक दामोदर सावरकर यांच्या सहवासात बापटांच्या शिक्षणाचा विषय बदलला. बंगालचे हेमचंद्र दास आणि मिर्झा अब्बास यांच्यासह ते पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांच्या संगतीत बाँबविद्या शिकू लागले. एका रशियन निर्वासिताकडून त्यांच्या हाती या विद्येची एक पुस्तिका आली. ती रशियन भाषेत होती. बापटांच्या परिचयाच्या ॲना नावाच्या रशियन विद्यार्थिनीने तिचे इंग्रजी भाषांतर करून दिले. लंडनमध्ये तिच्या प्रती निघाल्या आणि त्या गुप्तपणे हिंदुस्थानकडे चालू लागल्या.

हे सारे हौशी लोक होते, ही गोष्ट विसरता कामा नये. ‘हौशी’ हा शब्द येथे हलकेपणाने वापरलेला नाही. प्राण पणाला लावणाऱ्यांविषयी तसे कोण बोलेल? परंतु शस्त्रागारात कारागीर पिढ्यान्‌पिढ्या शिस्तीने काम करतात, त्यांच्यावर देखरेख असते, चुकीचा हिशेब द्यावा लागतो. भाड्याच्या खोलीत आणि बागेतल्या पडवीत बसलेल्या विशीतल्या पोरांना यांपैकी काहीच नव्हते. पुस्तिका स्फोट कसा घडवावा हे सांगू शकत होती. गाडीत कोण बसले आहे, हे तिला सांगता येणार नव्हते.

ते १९०८ मध्येच दिसून आले. ३० एप्रिल रोजी बिहारमधील मुझफ्फरपूर येथे खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफर्ड या न्यायाधीशाची समजून एका घोडागाडीवर बाँब टाकला. तो हेमचंद्रांच्या हातचा होता. गाडीत केनेडी नावाची एक स्त्री आणि तिची मुलगी होती; दोघीही मेल्या. चाकींनी स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि अठरा वर्षांचे खुदिराम ११ ऑगस्टला फाशी गेले. पुस्तिकेची एक प्रत कलकत्त्याच्या माणिकतळा बागेत पोलिसांना सापडली, तर दुसरी पुढील वर्षी नाशिकला बाबाराव सावरकरांच्या घरझडतीत. हेमचंद्र आणि बाबाराव दोघेही अंदमानात गेले. ज्याने ही विद्या मिळविण्यासाठी सर्वांत अधिक खटपट केली, त्या बापटांच्या हातून मात्र एकही माणूस बाँबने मेला नाही.

याचे श्रेय नुसत्या दैवाला देता येत नाही. अलीपूर खटल्यातील माफीच्या साक्षीदाराने नाव फोडल्यामुळे बापट भूमिगत झाले आणि १९१२ मध्ये पकडले जाईपर्यंत वेषांतर करून देशभर हिंडले. या भ्रमंतीत त्यांना एक शोध लागला. आपल्यावर परक्यांचे राज्य आहे, याचीच बहुसंख्य लोकांना जाणीव नव्हती. ज्यांच्यासाठी स्फोट करायचा त्यांना त्याचा अर्थच कळणार नसेल, तर तो आवाज कोणासाठी? १९१५ पर्यंत मोकळे झालेल्या बापटांनी पॅरिसच्या प्रयोगशाळेत परत जाण्याचा विचार केला नाही. पारनेरला त्यांनी हातात झाडू घेतला, रस्ते आणि शौचकूप स्वतः साफ केले. पुण्यात पत्रकारी केली, डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचे काम केले, मुंबईत सफाई कामगारांची संघटना बांधली. सोवळ्यातल्या मंडळींना हा माणूस विक्षिप्त वाटला, आणि थोडा विक्षिप्तपणा त्यांच्यात होताही.

पण बापटांची खरी कसोटी लागली ती मुळशीत. हिंजवडीच्या उंच इमारती ज्या तालुक्यात उभ्या आहेत, त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला, मुळा आणि नीला यांच्या संगमाजवळ, मुंबईला वीज देण्यासाठी टाटा कंपनीचे धरण होऊ घातले होते. पन्नासांहून अधिक गावांच्या जमिनींवर टाच आली. सरकारने १८९४ च्या कायद्याने त्या संपादन करून कंपनीला देण्याचे ठरविले. आंबेमोहोर पिकविणाऱ्या मावळ्यांना पैसे घेऊन उठा, असे सांगण्यात आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, बायामाणसांसह मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. लढ्याचा भार विनायकराव भुस्कुटे यांनी बापटांबरोबर वाहिला. पांडुरंगाचा सेनापती झाला तो या दऱ्यांत.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. ज्याला बाँब करता येत होता, त्याने तो धरणाला का लावला नाही? बापट गांधीजींप्रमाणे अहिंसेला व्रत मानीत नव्हते. आपल्या मार्गास ते शुद्ध सत्याग्रह म्हणत आणि त्यात प्रसंगी शस्त्रालाही स्थान देत. चळवळ थकल्यावर, १९२४ च्या अखेरीस, मोजके साथीदार घेऊन त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडविली. तेव्हा त्यांच्यापाशी शस्त्रे होती. मात्र त्यानंतर ते पळाले नाहीत. स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले आणि सात वर्षांची सजा त्यांनी पत्करली. पॅरिसची विद्या करणाऱ्याला अदृश्य ठेवण्यासाठी होती, तर मुळशीतला कर्ता आपल्या कृत्यापाशी उभा राहिला. त्यांच्या या कृतीचे समर्थन सर्वांना पटेल असे नाही. शस्त्र घेऊन अडविलेल्या गाडीतही कामकरी माणसेच असतात, हा आक्षेप खोडून काढणे कठीण आहे. तरीही मुझफ्फरपूरची घोडागाडी आणि मुळशीची रेल्वे यांत जे अंतर आहे, ते त्यांनी सोळा वर्षे पायांनी तुडविले होते.

लढा हरला. पुष्कळांनी मोबदला घेतला, काहींच्या हाती तोही धड पडला नाही, कारण जमिनी आधीच सावकारांकडे गेल्या होत्या. १९२७ मध्ये धरण पुरे झाले आणि पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजगृहाकडे वळले. पाणी कोणाचे हा वाद मात्र या डोंगरांतून गेला नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले.

बापटांचे पुढील आयुष्यही तुरुंग आणि चळवळ यांतच गेले. १९३१ मध्ये सुटका, महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद, एका भाषणाबद्दल पुन्हा दीर्घ कारावास आणि १९३७ मध्ये मुक्तता. फॉरवर्ड ब्लॉक, हैदराबाद, गोवा, संयुक्त महाराष्ट्र. जेथे सत्याग्रह तेथे हा म्हातारा. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुणे शहरावर तिरंगा फडकविण्याचा मान त्यांना मिळाला. आज त्या शहराच्या पाषाण भागात स्फोटकांवर संशोधन करणाऱ्या स्वतंत्र भारताच्या प्रयोगशाळा आहेत.

माणिकतळ्याच्या बागेत सापडलेली पुस्तिका ज्या खटल्यात पुरावा म्हणून पुढे आली, त्या खटल्यात अरविंद घोष हेही आरोपी होते आणि १९०९ मध्ये निर्दोष सुटले होते. ते पुढे पाँडिचेरीत जाऊन योगी झाले. बापटांनी त्यांचा ‘दिव्य जीवन’ हा प्रचंड ग्रंथ मराठीत आणला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत सेनापतींचे निधन झाले, तेव्हा त्यांना सत्त्याऐंशीवे वर्ष संपून सोळा दिवस झाले होते.