युसुफ मेहेरअली

३ फेब्रुवारी १९२८ चा दिवस. सायमन कमिशन मुंबईच्या बंदरात उतरणार होते. भारताचा कारभार पुढे कसा चालावा, याचा विचार करण्यासाठी इंग्लंडहून सात सभासद आले होते. त्यांत एकही भारतीय नव्हता. ज्यांच्या भवितव्याचा प्रश्न, त्यांनाच विचारायचे नाही, हा उघड अन्याय होता. बंदरावर कडक पहारा होता. तरीही काही तरुण हमालांच्या वेशात आत शिरले. कमिशनने परत जावे, अशा घोषणा त्यांनी दिल्या. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. पण तरुण मागे हटले नाहीत. त्यांचे पुढारी होते चोवीस वर्षांचे युसुफ मेहेरअली.

युसुफ यांचा जन्म २३ सप्टेंबर १९०३ रोजी मुंबईत एका श्रीमंत व्यापारी घराण्यात झाला. घरी कशाचीही वाण नव्हती. मनात आणले असते, तर ते सुखात राहिले असते. ते कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले; परंतु चळवळीत भाग घेतल्यामुळे त्यांना वकिलीची सनद मिळाली नाही. त्याचे दुःख करीत ते घरी बसले नाहीत. न्यायालयात उभे राहता येत नाही, तर लोकांमध्ये उभे राहायचे, असे त्यांनी ठरवले.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला. पुढे शेतकरी व कामगार यांच्या हक्कांसाठी ते झटले. १९४२ साली ते मुंबईचे महापौर म्हणून निवडून आले. त्याच वर्षी इंग्रजांविरुद्ध मोठा लढा सुरू झाला. त्या लढ्याची 'चले जाव' ही घोषणा त्यांनीच सुचवली, असे सांगतात.

या लढ्यात ते पुन्हा पकडले गेले. तुरुंगात त्यांना हृदयविकार जडला. सरकारने त्यांना मुंबईच्या रुग्णालयात नेण्याची तयारी दाखवली. आणखी दोन आजारी कैद्यांनाही तशीच सोय मिळावी, असा त्यांनी आग्रह धरला. सरकारने नकार दिला, तेव्हा ते स्वतःही रुग्णालयात गेले नाहीत. जी सोय इतरांना मिळत नाही, ती एकट्याने घेणे त्यांना अन्यायाचे वाटले.

२ जुलै १९५० रोजी, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. जुलूम मुकाट्याने सोसला, तर तो वाढत जातो. कोणीतरी पुढे होऊन त्याला विरोध करावा लागतो, तेव्हाच न्यायाची वाट मोकळी होते. युसुफ मेहेरअली असे पुढे झाले; आणि पुढे होताना त्यांनी सोबत्यांना मागे सोडले नाही.