ड्रेड स्कॉट: अकरा वर्षं कोर्टाची पायरी चढलेला माणूस

काही वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेला गेलो होतो, तेव्हा सेंट लुईस शहरात मिसिसिपी नदीजवळचं जुनं कोर्ट बाहेरून पाहिलं. समोर एका जोडप्याचा पुतळा आहे, ड्रेड स्कॉट आणि त्याची बायको हॅरिएट. शाळेत आम्हाला लिंकन शिकवला, पण ह्या माणसाचं नाव कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून लिहितो.

ड्रेडचा जन्म साधारण १७९९ चा, व्हर्जिनियातला, आणि जन्मापासून गुलाम. मालक पीटर ब्लो याने बिऱ्हाडाबरोबर त्यालाही १८३० मध्ये सेंट लुईसला आणलं. पुढे लष्करातल्या डॉ. जॉन इमर्सन यांनी त्याला विकत घेतलं. डॉक्टरांची बदली होईल तिथे ड्रेडही जाई: आधी इलिनॉय, मग उत्तरेला फोर्ट स्नेलिंग. ह्या दोन्ही ठिकाणी गुलामगिरीला कायद्याने बंदी होती. खटल्याचं मूळ तेच. फोर्ट स्नेलिंगलाच त्याचं हॅरिएटशी रीतसर लग्न झालं, आणि थोरली एलायझा जन्मली ती नदीत, बोटीवर.

डॉक्टर १८४३ मध्ये वारले. पैसे घेऊन आम्हाला सोडा, असं ड्रेडने त्यांच्या विधवेला विनवलं. ती नाही म्हणाली. मग ६ एप्रिल १८४६ रोजी नवरा-बायको दोघांनी वेगवेगळे दावे लावले. लिहिता येत नव्हतं, सहीच्या जागी फुली मारली. आईची जी स्थिती तीच मुलांची, असा तिथला कायदा. हॅरिएट सुटली तरच मुली सुटणार होत्या.

दावा तसा सोपा होता. बंदीच्या मुलखात राहून आलेला गुलाम मोकळा, असंच मिसुरीची कोर्टं कित्येक वर्षं मानत आली होती. पण १८४७ मध्ये पहिला निकाल विरुद्ध गेला, आणि कशामुळे? ड्रेड त्या बाईंच्याच ताब्यात आहे हे सांगणारी साक्ष ऐकीव ठरली. म्हणजे तो त्यांचा गुलाम असल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून तो त्यांचाच गुलाम राहिला! मला हे दोनदा वाचावं लागलं.

१८५० मध्ये पुन्हा सुनावणी होऊन ते जिंकले. १८५२ मध्ये राज्याच्या वरिष्ठ कोर्टाने निकाल फिरवला. ह्या सगळ्यात बरीच वर्षं शेरीफ त्यांना मजुरीला लावी आणि मजुरी अडकवून ठेवी. कोर्टाचा खर्च उचलला तो पीटर ब्लोच्या मुलांनी.

शेवटी ६ मार्च १८५७ रोजी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला. नऊपैकी पाच न्यायमूर्ती गुलामगिरी असलेल्या राज्यांतले. सरन्यायाधीश टॅनी यांनी ठरवलं की आफ्रिकी वंशाचा माणूस अमेरिकेचा नागरिकच होऊ शकत नाही, सबब त्याला ह्या कोर्टात उभं राहण्याचा हक्क नाही. गंमत म्हणजे टॅनींनी स्वतःचे गुलाम पूर्वीच मोकळे केले होते. तू आमच्यातला आहेस का, असं कुणी अधिकाराने विचारलं की काय वाटतं, हे १९६२ ते ६४ चा इस्रायलमधला आपल्या लग्नांचा वाद आठवणाऱ्यांना सांगायला नको.

कोर्ट एवढ्यावर थांबलं नाही. नव्या मुलखात गुलामगिरी पसरू नये म्हणून १८२० मध्ये उत्तर-दक्षिणेत झालेला समझोताही त्याने घटनाबाह्य ठरवला. वाद मिटेल अशी नवे अध्यक्ष बुकॅनन यांची आशा होती. झालं उलटंच. दक्षिणेला जोर चढला, उत्तर खवळली. इलिनॉयचे वकील लिंकन ह्या निकालाविरुद्ध बोलत गावोगाव फिरले, १८६० मध्ये अध्यक्षपदी निवडून आले, आणि १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं.

ड्रेडचं काय? डॉक्टरांच्या विधवेने दुसरं लग्न केलं होतं ते गुलामगिरीविरोधी खासदाराशी. निकालानंतर त्यांची फार शोभा झाली. त्यांनी स्कॉट कुटुंब ब्लोंच्या नावे केलं, अडकलेली मजुरी मात्र बाईंनी मागून घेतली. टेलर ब्लो याने २६ मे १८५७ रोजी चौघांना मोकळं केलं. आपल्याकडे त्याच महिन्यात मेरठला बंड झालं होतं.

ड्रेड एका हॉटेलात हमाल झाला. १७ सप्टेंबर १८५८ रोजी क्षयाने गेला. त्याच्या कबरीवर १९५७ पर्यंत दगडही नव्हता. आता लोक तिथे लिंकनच्या चेहऱ्याची एक सेंटची नाणी ठेवतात. हॅरिएट कपडे धुऊन पोट भरत १८७६ पर्यंत जगली. अमेरिकेच्या मातीत जन्मलेला तो अमेरिकेचा नागरिक, ही १८६८ ची घटनादुरुस्ती तिच्या हयातीत झाली.