ब्रेकला चामडं लावून घेणारी बर्था बेंझ



वाहतुकीची साधने हा पाठ घेताना मी दरवर्षी एक प्रश्न विचारते. गाडीत सगळ्यात महत्त्वाचं काय? पोरं एका सुरात इंजिन म्हणतात. यंदा मात्र एका मुलीने ब्रेक असं उत्तर दिलं आणि सगळा वर्ग हसला. बिचारी खाली मान घालून बसली. तिचे वडील चाळीसगाव रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये काम करतात. कन्नड घाट चढण्या-उतरण्याआधी लोक जुन्या गाड्यांचे ब्रेक तिथे तपासून घेतात, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं. त्या दिवशी मी पुस्तक मिटलं आणि मुलांना बर्था बेंझची गोष्ट सांगितली. तीच आज तुमच्यासाठी लिहिते आहे.

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतल्या फोर्झहाइम गावी झाला. वडील सुतारकाम आणि बांधकाम करणारे, घरची परिस्थिती चांगली. असं सांगतात की, तिच्या जन्माची नोंद घरातल्या बायबलमध्ये करताना वडिलांनी पुन्हा मुलगीच झाली म्हणून खंत लिहून ठेवली होती. ती नोंद पुढे बर्थाच्या वाचनात आली. आपल्याकडेही अशी खंत कागदावर नसली तरी कितीतरी घरांत बोलून दाखवली जाते, नाही का?

लहानपणापासून तिला यंत्रांची आवड. पण त्या काळी मुलींना उच्च शिक्षणाची दारं बंदच होती. पुढे कार्ल बेंझ या तरुण अभियंत्याशी तिचं लग्न ठरलं. मानहाइम शहरातला कार्लचा कारखाना भागीदारामुळे अडचणीत आला होता. बर्थाने लग्नाआधीच आपल्या हुंड्याची रक्कम मागून घेतली आणि त्या पैशांतून भागीदाराचा हिस्सा मोकळा केला. १८७२ मध्ये लग्न झालं. त्यानंतरची वर्षं ओढगस्तीची गेली, तरी इंजिनाचं काम थांबलं नाही. २९ जानेवारी १८८६ रोजी कार्लने तीन चाकांच्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट कार्लच्या नावावर झालं. बर्थाच्या पैशांची आणि कष्टांची नोंद त्यात कुठेच नव्हती.

गाडी तयार झाली, पण घेणार कोण? घोड्याशिवाय चालणाऱ्या गाडीवर लोकांचा विश्वास बसेना. कार्ल तर सारखा सुधारणाच करत बसायचा. मग १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात बर्थाने एक धाडस केलं. नवऱ्याला आधी न सांगता, ऑयगन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन ती गाडीने माहेरी निघाली. मानहाइम ते फोर्झहाइम, सुमारे १०४ किलोमीटर. म्हणजे आपल्या जळगाव ते धुळे अंतरापेक्षाही थोडं जास्तच. तोवर मोटारगाडीने एवढा लांबचा प्रवास कुणीच केला नव्हता.

वाटेत अडचणी येत गेल्या. इंधन संपलं, तेव्हा वीसलॉख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचं द्रव घेतलं. इंधनाची नळी तुंबली, तर टोपीच्या लांब पिनेने मोकळी केली. साखळी सैल पडली, तर लोहाराकडे गेली. चढ आला की मुलं उतरून गाडी ढकलायची.

पण खरी भीती चढाची नव्हती, उताराची होती. त्या गाडीचे ब्रेक म्हणजे लाकडी ठोकळे. दांडा ओढला की ते चाकाला घासायचे आणि वेग कमी व्हायचा. उतारावर सारखे घासून लाकूड झिजलं आणि ब्रेक नीट लागेनासे झाले. सोबत दोन लेकरं, पुढे उतार! बर्था बाउशलॉट गावच्या चांभाराकडे गेली आणि त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. चामड्याची पकड लाकडापेक्षा चांगली. शिवाय ते झिजलं तर पुन्हा नवं लावता येतं. आज आपण गॅरेजमध्ये ज्याला ब्रेक लायनर म्हणतो, त्याची सुरुवात अशी एका चांभाराच्या हातून झाली.

संध्याकाळी फोर्झहाइमला पोहोचल्यावर तिने कार्लला तार केली. काही दिवसांनी ती त्याच गाडीने परतही आली. वाटेत काय काय कमी पडलं ते तिने सांगितलं आणि चढासाठी आणखी एक गिअर असावा असं सुचवलं. कारखान्यात बसून न दिसलेले दोष रस्त्यावर दिसले होते. बर्था ५ मे १९४४ रोजी वारली, आपल्या ९५ व्या वाढदिवसानंतर अवघ्या दोन दिवसांनी. त्याच वाढदिवसाला कार्ल जिथे शिकला होता त्या कार्ल्सरुहेच्या तंत्रशिक्षण संस्थेने तिचा सन्मान केला होता. शिक्षणाची दारं तिच्यासाठी उघडली, ती अशी.

गोष्ट झाल्यावर मुलांना दोन्ही तळहात जोरात घासायला सांगा. हात गरम होतात. ब्रेकही हेच करतो, गाडीच्या वेगाची ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलतो. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते, म्हणून मोठ्या वेगाला ब्रेकही तसाच दमदार लागतो. काही जुन्या गाड्यांना पुढच्या चाकांत ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवतात. डिस्क उघड्या हवेत असते, त्यामुळे लवकर थंड होते. मात्र एकच भाग बदलून भागत नाही. पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळ जमला पाहिजे आणि टायरही चांगले हवेत, कारण शेवटी रस्ता धरतो तो टायरच. हे काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी सायकलच्या ब्रेकचे दोन रबर घेऊन आली, एक झिजलेला, एक नवा. वर्गासमोर उभी राहून तिने दोघांतला फरक समजावून सांगितला. या वेळी कुणी हसलं नाही. मधल्या सुट्टीत मात्र आठ-दहा पोरं आपापल्या सायकलींचे ब्रेक दाखवायला तिच्याभोवती जमली होती.

पालकहो, आज संध्याकाळी तुमच्या मुलांच्या सायकलीचा ब्रेकही एकदा तपासून बघा.