मोहोरबंद चवीचा व्यापारी : जॉर्ज गार्विन ब्राउन

व्हिस्कीची दोन पिंपे कधीही सारखी नसतात. एकाच दिवशी, एकाच भट्टीत गाळलेले मद्य शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पिंपांत भरले, तरी काही वर्षांनी एकात गोडवा अधिक उतरतो आणि दुसऱ्यात लाकडाचा तुरटपणा. निसर्गाची ही लहर रसिकाला मोहात पाडते, व्यापाऱ्याला मात्र अडचणीत आणते. आणि तीच व्हिस्की औषध म्हणून लिहून देणाऱ्या डॉक्टरला तर ती परवडण्याजोगीच नसते. अमेरिकेतील केंटकी राज्याच्या लुईव्हिल शहरात १८७० मध्ये विशीतल्या एका तरुणाने या लहरीला वेसण घालण्याचे ठरवले. जॉर्ज गार्विन ब्राउन हे त्याचे नाव.

ब्राउन यांचा जन्म २ सप्टेंबर १८४६ रोजी केंटकीतील मनफर्डव्हिल या छोट्या गावी झाला. ते सोळा वर्षांचे असताना, सप्टेंबर १८६२ मध्ये, यादवी युद्धातील एक लढाई याच गावाच्या वेशीवर झडली. पुढे ते लुईव्हिलला आले. ओहायो नदीच्या काठावरील हे शहर त्या काळी व्यापाराचे मोठे केंद्र होते. नदीला समांतर धावणाऱ्या मेन स्ट्रीटवर व्हिस्कीच्या व्यापाऱ्यांची इतकी दाटी झाली, की त्या भागाला ‘व्हिस्की रो’ हे नाव पडले. औषधविक्रीच्या व्यवसायात उमेदवारी करणाऱ्या ब्राउन यांचा डॉक्टरांशी नित्य संबंध येत असे. त्या काळच्या वैद्यकात व्हिस्कीला औषधाचे स्थान होते. डॉक्टरांची तक्रार एकच होती : मिळणाऱ्या व्हिस्कीचा भरवसा देता येत नाही.

ही तक्रार अकारण नव्हती. त्या वेळी व्हिस्की पिंपातून विकली जाई. भट्टीतून निघालेले पिंप घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून किरकोळ विक्रेत्याकडे आणि मग ग्राहकाच्या सुरईत, असा तिचा प्रवास असे. या वाटेवर कोणीही झाकण उघडून पाणी ओतू शकत होता. कित्येक व्यापारी स्वस्त मद्यार्कात करपवलेली साखर, फळांचा रस आणि नाना प्रकारची रसायने मिसळून जुन्या व्हिस्कीचा रंग व चव आणत. पिंपावरचे नाव खरे असले तरी आतला माल खरा असेलच असे नव्हते.

ब्राउन यांनी सावत्र भाऊ जॉन यांच्यासह ५,५०० डॉलरच्या भांडवलावर व्यवसाय सुरू केला. स्वतःची भट्टी त्यांच्याकडे नव्हती. मेलवुड, मॅटिंगली आणि ॲथर्टन या तीन भट्ट्यांची बर्बन व्हिस्की विकत घ्यायची, ती एकमेकींत मिसळून ठरावीक चव साधायची आणि काचेच्या बाटलीत भरून मोहोरबंद करायची, अशी त्यांची योजना होती. त्या काळी बाटल्या हाताने फुंकून बनवल्या जात आणि महाग पडत. तरीही हा खर्च त्यांनी पत्करला. बाटलीवरच्या चिठ्ठीवर हस्ताक्षरातील हमी आणि खाली स्वतःची सही छापली. या व्हिस्कीचे नाव ‘ओल्ड फॉरेस्टर’. लुईव्हिलमधील विल्यम फॉरेस्टर या डॉक्टरांवरून ते घेतले गेले, अशी कथा रूढ आहे. केवळ मोहोरबंद बाटलीतूनच विकली जाणारी ही पहिली बर्बन मानली जाते.

मिश्रण या शब्दाला व्हिस्कीच्या व्यवहारात दोन अर्थ आहेत, आणि त्यांच्यातला फरक मोठा आहे. मुरलेल्या व्हिस्कीत बेचव मद्यार्क मिसळून ती वाढवणे हा एक प्रकार. मुरलेल्या बर्बनमध्ये दुसरी मुरलेली बर्बनच मिसळणे हा दुसरा. ब्राउन यांचे मिश्रण या दुसऱ्या प्रकारचे होते. त्यामागचा हेतू प्रमाण वाढवण्याचा नव्हता. एका पिंपातले उणे दुसऱ्याने भरून काढण्याचा होता.

हे काम किती नाजूक आहे, हे बर्बनच्या घडणीवरून ध्यानात येते. आजच्या अमेरिकी नियमांनुसार बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. मक्यामुळे गोडवा येतो, तर जळलेल्या लाकडातून रंग आणि व्हॅनिला व करपवलेल्या साखरेची आठवण करून देणारा गंध उतरतो. या गोडव्याला धार देते ते राय हे धान्य. नावात साम्य असले तरी आपल्या मोहरीशी, म्हणजे राईशी, त्याचा काही संबंध नाही. ते गव्हाच्या जवळचे तृणधान्य आहे. मिरी, लवंग, दालचिनी यांची आठवण देणारा तिखटपणा रायमुळे येतो. ओल्ड फॉरेस्टरच्या अलीकडच्या पाककृतीत ७२ टक्के मका, १८ टक्के राय आणि १० टक्के मोड आणलेले सातू असतात. रायचे हे प्रमाण अनेक प्रचलित बर्बनांपेक्षा अधिक आहे. राय वाढली की चव उठून दिसते, पण तिच्यातला दोषही तितकाच उठून दिसतो. अपक्व मद्याचा झणका आणि रायचा मुरलेला तिखटपणा यांतला फरक ओळखणे, हीच पारख्याची कसोटी.

ही पारख प्रामुख्याने नाकाने होते. नमुन्यात पाणी घालून तीव्रता उतरवली, की दडलेले गंध मोकळे होतात. मग थोडा घोट जिभेवर फिरवायचा, आधी काय जाणवते, मागाहून काय रेंगाळते ते टिपायचे आणि बहुधा थुंकून टाकायचा. रसिक आपल्याला काय आवडले ते सांगतो. मिश्रण करणाऱ्याला मात्र स्वतःची आवड बाजूला ठेवून, हा नमुना गेल्या खेपेच्या नमुन्याशी जुळतो का, हे ठरवावे लागते. अत्युत्कृष्ट पिंपसुद्धा मेळात बसत नसेल तर त्याला बाजूला ठेवावे लागते. लुईव्हिलच्या डॉक्टरांना हवे होते ते हेच सातत्य.

ब्राउन यांचे भागीदार बदलत गेले. सावत्र भाऊ वेगळे झाले, नवे सहकारी आले आणि गेले. १८९० मध्ये हिशेबनीस जॉर्ज फॉर्मन यांच्यासह ‘ब्राउन-फॉर्मन’ ही पेढी उभी राहिली. १९०१ मध्ये फॉर्मन यांचे निधन झाल्यावर ब्राउन यांनी त्यांचा हिस्सा विकत घेतला. पेढीच्या नावात मात्र दिवंगत भागीदार कायम राहिले.

दरम्यान काळ बदलला होता. १८९७ मध्ये अमेरिकी संसदेने ‘बॉटल्ड इन बाँड’ कायदा केला. एकाच भट्टीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीखालील गोदामात किमान चार वर्षे मुरवलेली आणि ५० टक्के मद्यार्काच्या तीव्रतेवर बाटलीबंद केलेली व्हिस्कीच सरकारी शिक्क्याला पात्र ठरू लागली. ब्राउन ज्या शुद्धतेसाठी सत्तावीस वर्षे झटले, तिलाच आता सरकारी मान्यता मिळाली होती. पण त्यातच पेच होता. तीन भट्ट्यांच्या व्हिस्कीचे मिश्रण कितीही निर्मळ असले, तरी कायद्याच्या या व्याख्येत ते बसत नव्हते. कायदा उगम पाहत होता; ब्राउन यांच्या सहीची हमी चवीची होती. १९०२ मध्ये पेढीने केंटकीतील सेंट मेरी येथील भट्टी विकत घेतली. इतरांच्या मालाची पारख करून सुरू झालेला व्यवसाय आता स्वतः मद्य गाळू लागला.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात ब्राउन यांच्यासमोर याहून कठोर प्रश्न उभा राहिला. दारूबंदीची चळवळ अमेरिकेत जोर धरत होती आणि तिच्या मागे चर्चचे मोठे पाठबळ होते. धर्मश्रद्ध असलेल्या ब्राउन यांना हा घाव वर्मी लागला. १९१० मध्ये त्यांनी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. बायबलमधील मद्यविषयक वचने एकत्र करून, हा धर्मग्रंथ दारूबंदीचा पुरस्कार करीत नाही, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. त्यात निष्ठा होती, तसा व्यवसायाचा बचावही होता. व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या संसारांतून उठलेल्या आवाजाला मात्र शुद्धतेची हमी हे पुरेसे उत्तर नव्हते. निर्भेळ दारूही घर बुडवू शकते, ही गोष्ट कोणत्याही मोहोरेने झाकली जाणारी नव्हती.

२४ जानेवारी १९१७ रोजी ब्राउन यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने दारूबंदीची घटनादुरुस्ती राज्यांकडे धाडली आणि जानेवारी १९२० पासून ती देशभर अमलात आली. केंटकीतील बहुतेक भट्ट्या थंडावल्या. औषधी व्हिस्की विकण्याचे परवाने देशात अवघ्या सहा कंपन्यांकडे राहिले, आणि त्यांत ब्राउन-फॉर्मन ही एक होती. पुत्र ओस्ली ब्राउन यांच्या कारकिर्दीत ओल्ड फॉरेस्टर पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकली जाऊ लागली. जिथून आरंभ झाला होता, त्याच आधाराने ती डिसेंबर १९३३ मध्ये दारूबंदी उठेपर्यंत तगून राहिली.

२०१४ मध्ये कंपनीने ब्राउन यांच्या पहिल्या मिश्रणाच्या स्मरणार्थ एक बर्बन बाजारात आणली. आता भट्टी एकच, म्हणून तीन वेगवेगळ्या गोदामांतील, वेगवेगळ्या वयाची पिंपे त्यासाठी निवडण्यात आली. २०१८ मध्ये मेन स्ट्रीटवरील जुन्या वास्तूत ओल्ड फॉरेस्टरची भट्टीही सुरू झाली. यंत्रे नवी आहेत, नियम काटेकोर आहेत, गंधाचे रासायनिक पृथक्करणही करता येते. तरीही दोन पिंपे आजही सारखी निघत नाहीत. शेवटचा निवाडा माणसाच्या नाकालाच द्यावा लागतो, आणि त्या निवाड्याखाली कोणाला तरी आपली सही करावी लागते. ब्राउन यांनी ती १८७० मध्ये केली होती.