प्रतिपिंडांची अक्षरे जुळवणारे एल्विन कॅबट

स्तनांच्या कर्करोगावरचे ट्रास्टुझुमॅब हे औषध मुळात उंदराच्या प्रतिपिंडावरून (अँटिबॉडी) घडवलेले आहे. उंदराचे प्रथिन जसेच्या तसे टोचले, तर शरीर त्याला परके मानून त्याच्यावरच उलटते. म्हणून त्यातले पकड घेणारे तुकडे तेवढे मानवी प्रतिपिंडात बसवले गेले. असे तुकडे प्रतिपिंडात कुठे असतात, हे आधी कागदावरच्या हिशेबाने सांगितले ते एल्विन कॅबट आणि ताइ ते वू यांनी.

कॅबट यांचा जन्म १९१४ चा. ऐन मंदीत, १९३३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मायकेल हायडेलबर्गर यांच्या प्रयोगशाळेत लागले आणि १९३७ मध्ये तिथेच पीएचडी झाले. मग स्वीडनमध्ये आर्ने टिसेलियस यांच्यासह त्यांनी प्रतिपिंडे रक्तातील गॅमा ग्लोब्युलिन गटात मोडतात हे सिद्ध केले. १९५० च्या दशकात अमेरिकेत कम्युनिस्ट शोधून काढण्याची लाट होती. निव्वळ संशयावरून सरकारी आरोग्य सेवेने कॅबट यांचे अनुदान बंद केले. प्रयोगशाळा बंद पडायला एवढे पुरते. कॅबट यांनी दुसरीकडून निधी मिळवून काम चालू ठेवले.

मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात काही रुग्णांच्या लघवीत बेन्स जोन्स प्रथिने उतरतात. हे प्रतिपिंडाचेच भाग, ‘हलक्या साखळ्या’. एका रुग्णात एकाच प्रकारची साखळी भरपूर मिळते, त्यामुळे तिच्यातील अमिनो आम्लांचा क्रम वाचता येतो. कॅबट आणि वू यांनी अशा ७७ साखळ्यांचे क्रम एकाखाली एक मांडले. प्रत्येक जागी किती वेगवेगळी अमिनो आम्ले येतात, या संख्येला तिथल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आम्लाच्या प्रमाणाने भागले. गणित शाळकरी म्हणावे असे. पण आलेखात तीन उंच शिखरे उभी राहिली. जंतूशी जुळणारी पकड इथेच असणार, असा अंदाज त्यांनी १९७० मध्ये मांडला. काही वर्षांतच क्ष-किरणांनी मिळालेल्या रचनाचित्रांनी तो खरा ठरवला.

त्यानंतर कॅबट यांनी जगभरचे क्रम गोळा करून त्यांना क्रमांक देण्याची पद्धत घालून दिली. प्रतिपिंड-औषधे घडवणारे आजही ते ‘कॅबट क्रमांक’ वापरतात. या संग्रहाची पाचवी आवृत्ती १९९१ मध्ये, तीन खंडांत निघाली. प्रकाशक होती तीच आरोग्य सेवा, जिने एकेकाळी त्यांचे अनुदान थांबवले होते. कॅबट २००० साली वारले.