बंधू गोन्सालो गार्सिया : वसईचे रक्तसाक्षी

चरित्र या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा राजे, समाजसुधारक किंवा संतकवी येतात. या पाठात आपण ज्यांचे चरित्र पाहणार आहोत ते यांपैकी कोणीही नव्हते. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, संस्था स्थापन केली नाही आणि धर्मगुरूची दीक्षाही घेतली नाही. आपल्या संघात ते शेवटपर्यंत ‘बंधू’च राहिले. तरीही वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, गिरीज, निर्मळ, भुईगाव, गास या वाड्यांच्या परिसरात, त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. गास येथील चर्च त्यांच्याच नावाने ओळखले जाते आणि वसईतील एका महाविद्यालयालाही त्यांचेच नाव दिलेले आहे. ते नाव म्हणजे संत गोन्सालो गार्सिया.

हे चरित्र वाचताना एक प्रश्न मनाशी धरून ठेवावा, अशी सूचना सुरुवातीलाच करतो. ज्या समाजाला आपले सारे आयुष्य द्यावयाचे, त्यानेच दार उघडले नाही, तर माणसाने काय करावे?

गोन्सालो यांचा जन्म १५५६-५७च्या सुमारास वसईत झाला. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली होती. त्यानंतरच्या दोन दशकांत किल्ल्याच्या आश्रयाने एक नवेच शहर उभे राहत होते. गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज आणि आई वसईचीच. आज हा तपशील आपल्याला किरकोळ वाटेल; त्या काळी तो माणसाचे भवितव्य ठरवीत असे. राज्यकर्त्यांच्या व्यवहारात पोर्तुगालमध्ये जन्मलेला, हिंदुस्थानात पोर्तुगीज आईबापांच्या पोटी जन्मलेला, मिश्र रक्ताचा आणि निव्वळ देशी अशा पायऱ्या होत्या. चर्चमध्ये सर्व एकाच वेदीसमोर गुडघे टेकत. परंतु वेदीच्या पलीकडे कोणी जावे याचा निर्णय करताना याच पायऱ्या मोजल्या जात. आपल्या समाजातील जातिव्यवस्थेशी याची तुलना तुमच्या मनात आली असेल, आणि ती गैर नाही. वसईच्या ख्रिस्ती समाजातही सामवेदी, वाडवळ, कोळी हे भेद धर्मांतरानंतर दीर्घकाळ टिकून राहिले आणि सोयरिकी आपापल्या गटातच होत राहिल्या.

गोन्सालो यांचे शिक्षण वसईतील येशूसंघीयांच्या, म्हणजे जेझुइटांच्या, शाळेत झाले. याच संघाचे फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानला पोहोचले होते आणि त्यापूर्वी वसईतही येऊन गेले होते. त्यामुळे वसईच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाला जपान हे नाव अगदीच अनोळखी नसावे. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी सेबास्तियान गोन्साल्विस या आपल्या शिक्षक-धर्मगुरूंबरोबर ते जपानला निघाले.

तेथे ते जपानी भाषा शिकले, आणि इतकी उत्तम शिकले की पुढे त्यांचे सारे आयुष्य याच भाषाज्ञानावर उभे राहिले. सुमारे आठ वर्षे त्यांनी येशूसंघीयांचे साहाय्यक म्हणून काम केले. धर्मशिक्षण द्यावे, दुभाषेपण करावे, प्रवासात धर्मगुरूंची सोबत करावी, असे त्या कामाचे स्वरूप होते. त्यांची इच्छा एकच होती : येशूसंघात रीतसर प्रवेश मिळावा. ती पुरी झाली नाही. त्या काळात पूर्वेकडील सर्व कार्यावर देखरेख करणारे आलेस्सान्द्रो वालिन्यानो यांचे मत हिंदुस्थानात जन्मलेल्यांना व मिश्र वंशाच्यांना संघात घेऊ नये असे होते. विशेष म्हणजे त्याच वालिन्यानोंनी १५८० साली जपानी तरुणांसाठी उसुकी येथे नवदीक्षितांचे शिक्षणगृह सुरू केले. जपानी माणूस चालेल, वसईचा चालणार नाही, असा हा विचित्र न्याय होता. गोन्सालो यांना नकार मिळाला तो या धोरणामुळेच, असे अनुमान करण्यास जागा आहे.

येथे थोडे थांबा. चरित्रकाराची खरी परीक्षा अशा जागी होते. नकारानंतर नायकाच्या मनात काय चालले असेल हे रंगवण्याचा मोह फार मोठा असतो. आपण तो टाळू आणि त्यांनी काय केले तेवढेच पाहू. गोन्सालो यांनी संघाची सेवा सोडली आणि व्यापार सुरू केला. जपानी भाषा, स्थानिक ओळखी आणि सचोटी या भांडवलावर त्यांचा जम चांगला बसला. सुखाने आयुष्य घालवावे एवढी प्राप्ती होत असताना, व्यापाराच्याच निमित्ताने ते फिलिपिन्समधील मनिला येथे गेले आणि तेथे फ्रान्सिस्कन संघाच्या सहवासात आले. असिसीच्या संत फ्रान्सिस यांचा हा संघ दारिद्र्याचे व्रत कडकपणे पाळणारा. भरभराटीला आलेला हा व्यापारी त्या संघात दाखल झाला, तोही धर्मगुरू होण्यासाठी नव्हे, तर साधा बंधू म्हणून. बंधूला मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार नसतो. मठातील कष्टाची कामे, आजाऱ्यांची शुश्रूषा, दारी आलेल्याची विचारपूस हे त्याचे क्षेत्र.

‘बंधू’ या शब्दाकडे लक्ष द्या. मराठी ख्रिस्ती लेखनात ‘कृपा’ आणि ‘सहभागिता’ हे दोन शब्द वारंवार भेटतात. कृपा म्हणजे पात्रता न पाहता, हिशेब न मांडता दिलेले; आणि सहभागिता म्हणजे अशा देण्यावर उभे राहिलेले एकत्र जगणे. ‘बंधू’ हे नाव या दोन्ही कल्पनांना व्यवहारात उतरवते, कारण भाऊ हा अर्ज करून, पात्रता सिद्ध करून मिळत नसतो.

१५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे शिष्टमंडळ पाठविले. पेद्रो बाप्तिस्ता हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू त्याचे प्रमुख होते आणि गोन्सालो दुभाषे. हिदेयोशी हा सामान्य कुळातून वर येऊन सारा जपान एका छत्राखाली आणणारा, अत्यंत चतुर आणि तितकाच लहरी पुरुष. फिलिपिन्सने आपले स्वामित्व मान्य करावे अशी त्याची मागणी होती. अशा दरबारात एखादा शब्द कमीअधिक झाला तरी जिवावर बेतावे. तेथे दोन्ही पक्षांचे म्हणणे परस्परांना कळविण्याची जबाबदारी वसईच्या या बंधूवर होती. शिष्टमंडळाला क्योतो येथे राहण्याची परवानगी मिळाली. तेथे फ्रान्सिस्कनांनी मठ व चर्च बांधले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये सुरू केली. ज्यांना घरच्यांनीही टाकले होते त्यांच्या जखमा धुणारे हात या मठातील बंधूंचे आणि त्यांच्याभोवती जमलेल्या जपानी ख्रिस्ती गृहस्थांचे होते.

परंतु याच काळात ख्रिस्ती समाजात मोठी दुफळी माजली होती. जपानमधील कार्य येशूसंघाकडेच राहावे असे पोप तेरावे ग्रेगरी यांचे १५८५ सालचे आज्ञापत्र होते. फ्रान्सिस्कनांच्या आगमनाने ते मोडले गेले, अशी येशूसंघीयांची तक्रार होती. त्यांची भीती निराधार नव्हती. हिदेयोशीने १५८७ मध्येच धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. येशूसंघीय तेव्हापासून गाजावाजा न करता काम करीत होते आणि फ्रान्सिस्कन मात्र उघडपणे चर्च चालवीत होते. दोन्हीकडची माणसे प्रामाणिक होती, म्हणूनच हा वाद अधिक कडवट झाला, असे मला वाटते. गोन्सालो यांची स्थिती यात सर्वांत अवघड होती. ज्यांनी त्यांना वाढविले आणि नाकारले ते एका बाजूला, ज्यांनी स्वीकारले ते दुसऱ्या बाजूला.

१५९६च्या ऑक्टोबरात मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून शिकोकू बेटावरील तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील मौल्यवान माल जप्त झाला. धर्मगुरूंच्या पाठोपाठ स्पेनच्या फौजा येतात, असा समज या प्रकरणातून पसरला आणि हिदेयोशी संतापला. डिसेंबरात अटकसत्र सुरू झाले. रोष मुख्यतः फ्रान्सिस्कनांवर होता; परंतु पकडलेल्या चोवीस जणांत पावलो मिकी यांच्यासह तीन येशूसंघाशी संबंधित जपानीही होते. जो समेट वर्षानुवर्षांच्या पत्रव्यवहाराने झाला नाही, तो तुरुंगाने घडविला. दोन्ही संघांची माणसे आता एकाच दोरीने बांधली गेली.

जानेवारी १५९७ मध्ये क्योतो येथे प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. मग ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंतचा प्रवास सुरू झाला. तो जवळजवळ महिनाभर चालला. या वाटेवरील एक घटना मला मृत्युदंडाच्या प्रसंगापेक्षाही मोलाची वाटते. येशूसंघाचे क्योतोतील धर्मगुरू ओर्गान्तिनो यांनी आपल्या तीन माणसांची काळजी घेण्यासाठी पेत्र सुकेजिरो नावाच्या जपानी गृहस्थाला पाठविले होते. त्याने तिघांपुरते पाहिले नाही. सर्वांची सेवा केली. फ्रान्सिस नावाचा एक सुतारही कैद्यांच्या मागोमाग चालत राहिला. अखेर पहारेकऱ्यांनी या दोघांनाही कैद्यांत सामील केले. चोवीसचे सव्वीस झाले ते असे. या दोघांवर कोणताही आरोप नव्हता, मृत्युदंडाच्या यादीत त्यांची नावे नव्हती. सोबत सोडली नाही, एवढेच त्यांचे कृत्य.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी सर्वांना नागासाकीला आणण्यात आले. वधस्तंभाकडे नेण्यापूर्वी योहान दे गोतो आणि याकोब किसाई या दोघांना येशूसंघाची व्रते घेण्याची अनुमती मिळाली. म्हणजे गोन्सालो यांनी तारुण्यात जी गोष्ट मागितली होती, ती त्यांच्याच शेजारी उभ्या असलेल्या दोघांना मृत्यूच्या उंबरठ्यावर देण्यात आली. त्या क्षणाचे वर्णन कल्पनेने करण्याचे कारण नाही. गोन्सालो तेथे होते, फ्रान्सिस्कनांच्या झग्यात, एवढे पुरे आहे.

निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस ओळीने मांडलेले होते. लुईस फ्रोइस या येशूसंघीय धर्मगुरूंनी या घटनेचा सविस्तर वृत्तान्त लिहून ठेवला. त्यानुसार गोन्सालो सर्वांच्या आधी क्रूसाजवळ गेले, आपला क्रूस कोणता याची चौकशी केली आणि गुडघे टेकून त्याला मिठी मारली. लोखंडी कड्या आणि दोर यांनी सर्वांना क्रूसांवर बांधण्यात आले व भाल्यांनी भोसकून मारण्यात आले. त्यांत वीस जण जपानी होते. बारा ते चौदा वर्षांची तीन मुलेही होती. गोन्सालो तेव्हा चाळिशीत होते. त्यांच्या अखेरीची साक्ष ज्या संघाने त्यांना प्रवेश दिला नाही त्याच संघातील लेखकाने नोंदवावी, हे चरित्रलेखनाच्या अभ्यासकाने आवर्जून लक्षात ठेवावे.

१६२७ साली पोप आठवे उर्बन यांनी या सव्वीस जणांना ‘धन्य’ घोषित केले. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई जिंकली आणि किल्ल्यातील चर्चे ओस पडली; भोवतालच्या गावांतील ख्रिस्ती समाज मात्र टिकून राहिला. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सव्वीस जणांना संतपद दिले. तेव्हापासून फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय, स्पॅनिश, जपानी आणि वसईकर यांचे स्मरण एकत्रच केले जाते. नागासाकीच्या त्या टेकडीवर १९६२ साली उभारलेल्या स्मारकशिल्पातही ते सारे एकाच रांगेत आहेत.

पुढील पाठाकडे वळण्यापूर्वी एक काम करा. तुमच्या गावात किंवा वस्तीत ज्या व्यक्तीचे नाव चर्चला, मंदिराला, शाळेला अथवा रस्त्याला दिलेले आहे, तिच्याविषयी दोन वडीलधाऱ्या माणसांना स्वतंत्रपणे विचारा आणि दोघांनी सांगितलेल्या हकिकतींत कोठे फरक पडतो ते वहीत लिहून ठेवा.