निर्णयांचा माग काढणारे हर्बर्ट सायमन

१९३५ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात मुलांच्या मैदानांच्या खर्चावरून वाद चालू होता. मैदाने शाळा मंडळ आणि महापालिका मिळून चालवत. एका खात्याला देखभाल महत्त्वाची वाटे, दुसऱ्याला मुलांना खेळवणारे प्रशिक्षक. पैसा कुठे जास्त उपयोगी पडेल याचे पुस्तकी गणित मात्र कोणीच मांडत नव्हते. याच शहरात जन्मलेला हर्बर्ट सायमन हा विद्यार्थी या खर्चाचा अभ्यास करत होता, आणि हा प्रश्न त्याला आयुष्यभर पुरला.

माणसाकडे वेळ, माहिती आणि आकलन अपुरे असते. म्हणून तो सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, पुरेसा चांगला मिळाला की थांबतो, असे सायमन यांनी मांडले. भाड्याचे घर शोधताना शहरातली सगळी घरे कोण बघतो? संस्थांमधील निर्णयप्रक्रियेवरील या कामासाठी १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

त्याआधीच ते संगणकाकडे वळले होते. ॲलन न्यूएल आणि क्लिफ शॉ यांच्यासह त्यांनी गणिती प्रमेये सिद्ध करणारा प्रोग्रॅम रचला. तो संगणकावर चालण्यापूर्वी, १९५६ च्या जानेवारीत, सायमन यांनी पत्नी, मुले आणि विद्यार्थ्यांच्या हाती एकेक कार्ड देऊन त्यांनाच यंत्राचे भाग बनवले!

माणसाचे ज्ञान ‘असे असेल तर तसे कर’ अशा नियमांत मांडता येते, हा न्यूएल-सायमन यांचा विचार पुढे कारखान्यात पोहोचला. सायमन यांचे विद्यार्थी एडवर्ड फायगेनबॉम तज्ज्ञ प्रणालींचे, म्हणजे एक्स्पर्ट सिस्टीमचे, अध्वर्यू ठरले. सायमन शिकवत त्याच कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉन मॅकडरमॉट यांनी डिजिटल इक्विपमेंट कंपनीसाठी ‘आर-१’ बनवली. ग्राहकाच्या ऑर्डरमध्ये एखादी केबल राहिली तरी संगणक जोडता येत नसे. १९८० पासून ही तपासणी ‘आर-१’ करू लागली. पण नवे मॉडेल आले की नियमही बदलावे लागत. शेकडो नियम हजारांवर गेले आणि ते सांभाळायला माणसेच लागली. यंत्राने माणसाची गरज संपवली, असे काही झाले नाही.

सायमन यांचेही अंदाज चुकत. दहा वर्षांत संगणक बुद्धिबळातला जगज्जेता होईल, असे त्यांनी १९५७ मध्ये वर्तवले होते. कास्पारोव्ह ‘डीप ब्लू’कडून हरला तो १९९७ मध्ये. सायमन तेव्हा ८० वर्षांचे होते. ९ फेब्रुवारी २००१ रोजी पिट्सबर्गमध्ये त्यांचे निधन झाले.